अंगणात पाणी तुंबतंय? चर खणायच्या आधी हे बघा

पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी मागच्या अंगणात एका कोपऱ्यात तळं तसंच, गवत पिवळं पडलेलं, पाय टाकला की चप्पल चिखलात रुतून बसते, असं ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी दोन वर्षं तिथे नुसती माती आणून ओतली आणि पाणी दरवेळी हातभर सरकून बाजूला साचायचं, कारण ते येतंय कुठून हेच बघितलं नव्हतं.

तर पहिलं काम तेच. जोराचा पाऊस चालू असताना छत्री घेऊन बाहेर उभं राहा आणि पाणी कुठून कुठे वाहतंय ते बघा, जमल्यास फोनवर व्हिडिओ काढा. पन्हळीचा पाइप भिंतीपाशीच सुटलेला असेल तर आधी तो लांबवून घरापासून दोन-तीन मीटर दूर न्या. 50 चौरस मीटर छपरावर 20 मिलिमीटर पाऊस पडला तरी 1000 लिटर पाणी होतं, ते सगळं एका जागी ओतल्यावर कुठली जमीन पिणार! कधीकधी एवढ्यावरच काम भागतं.

नाही भागलं तर पाऊस नसताना तिथे फूटभर रुंद, फूटभर खोल खड्डा करा, काठोकाठ पाणी भरून रात्रभर सोडा, सकाळी परत भरा आणि पट्टी लावून तासाला किती उतरतं ते मोजा. तासाला 2.5 सेंटीमीटरही उतरत नसेल तर खाली चिकणमाती आहे असं धरा, मग शोषखड्ड्याच्या नादी लागू नका, तो भरून तसाच राहतो. पाणी बाहेर सखल जागी काढावं लागेल, पण शेजाऱ्याच्या आवारात नाही. आणि हो, चिकणमातीत वाळू मिसळू नका, थोड्या वाळूने ती अजून घट्ट होते. कंपोस्ट मिसळा, तेही माती ओली नसताना.

आता उतार. डोळ्यावर विश्वास ठेवू नका, गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी घ्या. दोन खुंट्या ठोका, नळीत पाणी भरा (बुडबुडा एकही राहू देऊ नका, नाहीतर माप चुकतं), दोन्ही टोकं खुंट्यांना धरा, पाणी स्थिर झालं की खूण करा आणि खुणेपासून जमिनीपर्यंत दोन्हीकडे मोजा, जो फरक येईल तोच उतार. घराला लागून पहिल्या 3 मीटरमध्ये जमीन 15 सेंटीमीटर तरी खाली जायला हवी. कमी असेल तर भिंतीकडे भराव घाला, पण भिंतीतल्या हवेच्या जाळ्या बुजवू नका.

तरीही पाणी राहिलंच तर चर. आधी खालून वीज, गॅस, पाण्याची लाइन जात नाही ना याची खात्री करा, ही पायरी अजिबात टाळू नका, आणि मोठ्या झाडाची जाड मुळं तोडू नका, चर वळवून घ्या. साधारण 30 सेंटीमीटर रुंद, 45 खोल, तळाला दर मीटरला 1 सेंटीमीटर उतार. आत जिओटेक्सटाइल कापड (पाणी जाऊ देतं पण माती अडवतं असं) अंथरा, त्यावर धुतलेली खडी 5 सेंटीमीटर, मग भोकांचा 4 इंची पाइप भोकं खाली करून (बरेच जण वर करतात), वरून परत खडी, कापड दुमडून घ्या. माती टाकायची घाई नको, आधी वरच्या टोकाला नळ सोडून खालच्या टोकाला पाणी बाहेर येतंय का ते बघा, मध्ये कुठे थांबलं तर खडी काढून उतार दुरुस्त करणं आत्ताच सोपं आहे.

मग माती आणि गवत. पहिल्या पावसात माती बसते, तेव्हा वर भर टाकायला दोन घमेली बाजूला ठेवा.