स्वादुपिंडात पोहोचलेला रक्ताचा कर्करोग : निदान करताना या चुका टाळा

ल्युकेमिया, लिम्फोमा आणि मल्टिपल मायलोमा हे रक्ताच्या कर्करोगाचे प्रकार मुख्यतः रक्त, अस्थिमज्जा आणि लसीका ग्रंथींचे आजार आहेत. मात्र क्वचित त्यांच्या पेशी स्वादुपिंडात शिरून तेथे गाठ तयार करतात. पित्तनलिका स्वादुपिंडाच्या शीर्षभागातून जात असल्याने तेथील गाठीमुळे ती दबते आणि डोळे पिवळे होणे, लघवी गडद व शौच पांढरट होणे, अंगाला खाज सुटणे अशी अडथळ्याच्या काविळीची लक्षणे दिसतात. सीटी स्कॅनवर हे चित्र स्वादुपिंडाच्या नेहमीच्या कर्करोगासारखेच भासते, पण दोन्हींचे उपचार मुळातच वेगळे असल्यामुळे येथील चूक रुग्णाला फार महागात पडते.

पहिली चूक घरातच होते. कावीळ म्हटली की माळ घालण्याचा किंवा झाडपाल्याचे औषध घेण्याचा सल्ला मुंबईतही सर्रास मिळतो. ज्याला पूर्वी रक्ताचा कर्करोग झाला होता, त्याने अशा सल्ल्यात एक दिवसही घालवू नये. आजार बरा होऊन काही वर्षे लोटली असली, तरी ही माहिती नव्या डॉक्टरांना आपणहून सांगावी आणि जुने डिस्चार्ज कार्ड, बोन मॅरोचा अहवाल व केमोथेरपीची नोंद सोबत न्यावी. पोटाच्या तक्रारीचा जुन्या आजाराशी काय संबंध, असे समजून कुटुंबीयांकडून नेमकी हीच गोष्ट सांगायची राहून जाते.

दुसरी चूक म्हणजे गाठीचा तुकडा तपासण्याआधीच (म्हणजे बायोप्सीआधीच) मोठ्या शस्त्रक्रियेचा निर्णय घेणे. स्वादुपिंडाचा नेहमीचा कर्करोग काढण्याजोगा असेल, तर काही वेळा बायोप्सीविना शस्त्रक्रिया करतात आणि ते योग्यही असते. परंतु रक्ताच्या कर्करोगाचा पूर्वेतिहास असल्यास आधी बायोप्सीबद्दल विचारावे, कारण गाठ त्याच आजाराची निघाली तर उपचाराचा मुख्य भार औषधांवर, क्वचित किरणोपचारावर असतो. सीए १९-९ हा रक्तातील कर्करोगसूचक घटक वाढल्याचा अहवाल पाहून निष्कर्ष काढू नये. पित्त तुंबल्यानेही तो वाढतो.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित मुद्दा नमुन्याच्या हाताळणीचा आहे. बायोप्सी बहुधा एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडच्या (तोंडातून आत घातलेल्या दुर्बिणीवरील सोनोग्राफीच्या) मदतीने जठर किंवा लहान आतड्याच्या भिंतीतून सुई घालून केली जाते. घेतलेला सगळा नमुना फॉर्मॅलिन या ऊती टिकवणाऱ्या द्रावाच्या बाटलीत गेला, तर त्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (विशेष रंगद्रव्यांनी पेशींचा प्रकार ओळखण्याची तपासणी) करता येते, पण फ्लो सायटोमेट्रीला (सुट्या पेशी यंत्रातून एकेक तपासण्याच्या पद्धतीला) ताज्या, जिवंत पेशी लागतात. म्हणून शंका असल्यास नमुन्याचा काही भाग फॉर्मॅलिनविना योग्य द्रावात त्वरित प्रयोगशाळेत पोहोचवण्याची व्यवस्था आधीच ठरलेली असावी आणि मागणीपत्रावर पूर्वीच्या आजाराचे नाव स्पष्ट लिहिलेले असावे. त्या एका ओळीअभावी पॅथॉलॉजिस्ट वेगळ्याच दिशेने शोध घेण्याची शक्यता असते. प्लेटलेट कमी असल्यास रक्तस्रावाचा धोका असतो, हेही सुई घालण्यापूर्वी पाहावे लागते.

निदान होण्यापूर्वी स्टेरॉइड सुरू करणे टाळावे. त्याने लिम्फोमाच्या पेशी झपाट्याने मरतात, गाठ तात्पुरती आकसते आणि बायोप्सीतून काहीच हाती लागत नाही. आपल्याकडे स्वादुपिंडाचा क्षयरोगही अशाच गाठीच्या रूपाने दिसू शकतो, त्यामुळे नुसत्या अंदाजावर क्षयरोगाची औषधे सुरू करण्याचा मोह होतो. त्याच नमुन्यातून क्षयरोगाची तपासणी करून घेणे अधिक शहाणपणाचे आहे.

लहान मुलांच्या बाबतीत उलट चूकही होऊ शकते. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियावरील अ‍ॅस्परॅजिनेज या औषधाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. त्यामुळे उपचार सुरू असताना पोटात दुखून स्वादुपिंड सुजलेले दिसले, तर आजार उलटला असे लगेच मानू नये.

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात दुसरे मत घ्यायचे असल्यास केवळ छापील अहवाल नेऊन भागत नाही, तर मूळ स्लाइड्स आणि पॅराफिन ब्लॉकही (मेणात जतन केलेला बायोप्सीचा तुकडा) सोबत लागतात. ते आधीच्या प्रयोगशाळेकडून मागून घ्यावेत. या धावपळीत बिलिरुबिनकडे (काविळीत रक्तात वाढणाऱ्या पिवळ्या घटकाकडे) दुर्लक्ष होऊ देऊ नये, कारण व्हिन्क्रिस्टीन आणि डॉक्सोरुबिसिनसारख्या केमोथेरपीच्या औषधांची मात्रा त्यावर अवलंबून असते. गरज असल्यास आधी पित्तनलिकेत स्टेंट (मार्ग मोकळा ठेवणारी बारीक नळी) बसवावा लागेल का, हे पोटविकारतज्ज्ञ आणि रक्तविकारतज्ज्ञ या दोघांनी मिळून ठरवावे, असा आग्रह कुटुंबीयांनी धरावा.