वृद्धाश्रमातलं टीपीआर-बीपी : या चुका टाळा

कुठल्याही वृद्धाश्रमाचं टीपीआरचं, म्हणजे ताप, नाडी आणि श्वासाचं, रजिस्टर उघडा. श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत १८, १८, २०, १८. इतक्या म्हाताऱ्या माणसांचा श्वास असा एकसारखा चालेलच कसा? कालच्या ओळीवरून आजची ओळ उतरवलेली असते, आणि याचा मला मनापासून राग येतो.

एका ठिकाणी मी नुकतीच ड्युटीवर लागले होते. एक आजोबा दोन दिवस नीट जेवत नव्हते, मधेच असंबद्ध बोलत होते. ताप ९८.४, म्हणून ‘वयानुसार होतं’ म्हणत सगळे गप्प. रजिस्टरात श्वास १८. मी घड्याळ लावून मोजले तर मिनिटाला ३२ भरले. हॉस्पिटलमध्ये न्यूमोनिया निघाला. या वयात न्यूमोनियातही ताप येईलच असं नाही. श्वास मात्र वाढतो, आणि तोच कुणी मोजलेला नव्हता.

मी नाडी पाहून झाली तरी मनगट सोडत नाही. तसंच धरून पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. ‘श्वास मोजते हं’ सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. नवीन मुली पंधरा सेकंद मोजून चारनं गुणतात. त्यात एक श्वास चुकला की हिशेब चारनं चुकतो. घाई असेल तर दुसरं काम मागे ठेवा. बारा ते वीस ठीक. पंचवीसच्या वर गेला की मी डॉक्टरांना फोन करते.

बीपी चहानंतर लगेच घेऊ नका, स्वेटरवरून तर नकोच. पाच मिनिटं टेकून बसू द्या, गप्पा बंद. जाड दंडाला लहान कफ (बीपीचा पट्टा) लावला की बीपी जास्त दिसतं. पडलेल्या किंवा चक्कर येणाऱ्या आजींचं बीपी झोपून आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत, असं दोन्ही घ्या. वरचा आकडा वीसनं उतरला तर डॉक्टरांना कळवा.

शुगरआधी बोट धुऊन कोरडं करा. आमरसाच्या बोटानं आकडा भलताच चढतो. ऑक्सिमीटरला मेंदी, नेलपॉलिश आणि गार बोटं चालत नाहीत.

आजींनी हात लावू दिला नाही, तर रकान्यात ‘घेऊ दिलं नाही, सकाळी ७.१०’ असं लिहा आणि हँडओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना, तोंडानंही सांगा, म्हणजे पुढची सिस्टर आल्या आल्या आधी त्यांच्याकडे जाईल.