निवडणुकीवर पैज लावताय? आधी भाव समजून घ्या
भाऊ, सट्ट्याचा भाव ऐकून लगेच हुरळू नका. भाव २५ पैसे म्हणजे रुपयावर चार आणे सुटतात, म्हणजे बाजाराच्या मते जिंकायचा चान्स १०० पैकी ८०, अन् उरलेला २० चा चान्स हरायचा, तो लोक विसरूनच जातात. २०२४ ला बहुतेक एक्झिट पोल एनडीएला साडेतीनशेच्या वर देऊन राहिले होते, ४ जूनला निघाल्या २९३. आपल्या नागपुरात गडकरी जिंकले पण लीड २०१९ च्या २ लाख १६ हजारावरून १ लाख ३७ हजारावर आली, म्हणून आपल्या अंदाजात कोण जिंकेल सोबत कितीने तेही लिहा, सहाही विधानसभा वेगवेगळ्या मांडून. पैसे लावणं बेकायदा आहे, खरंच नका लावू, तर्री पोह्याची प्लेट लावा. अंदाज मोजणीच्या आदल्या रात्री ग्रुपवर टाकायचा, मग बदल नाही.