पियानोवर बोट ठेवण्याची आणि उचलण्याची रीत

सोलापुरात माझ्याकडे पियानो शिकायला येणारी बरीच मुले आधी घरच्या भजनाच्या पेटीवर बोटे फिरवून आलेली असतात. स्वरांची ओळख त्यांना असते; नवी सवय लावावी लागते ती स्पर्शाची. पेटीत आवाज भात्यावर वाढतो किंवा कमी होतो, तर पियानोत पट्टी जितक्या वेगाने खाली जाते, तितक्या वेगाने हातोडी तारेवर आदळते. त्यानंतर पट्टी कितीही रेटली तरी स्वर मोठा होत नाही. म्हणून पट्टी तळाला टेकताच जोर सोडावा आणि ती खाली राहील एवढेच वजन बोटावर ठेवावे.

हात शरीराशेजारी सैल सोडल्यावर बोटांना जो बाक येतो, तोच कायम ठेवून हात पट्ट्यांवर आणावा. अंगठा त्याच्या स्वतःच्या कडेवर टेकावा, मनगट ताठ नसावे, नखे कापलेली असावीत. उन्हाळ्यात घामाने बोटे घसरतात, तेव्हा सोलापुरी टॉवेलचा तुकडा जवळ असू द्यावा.

उजव्या हाताची पाच बोटे मधल्या पांढरी एकपासून (पियानोवरचा मधला C) पांढरी पाचपर्यंतच्या (G) पाच पांढऱ्या पट्ट्यांवर ठेवावीत. अंगठा हे पहिले बोट आणि करंगळी पाचवे. मेट्रोनोम, म्हणजे लय धरायला ठोके देणारे यंत्र, ६० वर (मिनिटाला ६० ठोके) लावून प्रत्येक स्वर चार ठोके धरावा. पट्टी वर येताच नमद्याचा दाबक तारेवर बसून स्वर थांबवतो, त्यामुळे स्वर कधी संपावा हे बोट उचलण्यावर ठरते. नवशिक्यांचे सर्वांत जास्त दुर्लक्ष नेमके इथेच होते. लेगाटोत, म्हणजे स्वर एकमेकांना जोडून वाजवताना, पुढची पट्टी खाली जाते त्याच क्षणी मागची वर यावी. दोन स्वर एकमेकांत मिसळले तर बोट रेंगाळले, आणि मध्ये पोकळी ऐकू आली तर ते घाईने उठले, असे समजावे. मग तेच पाच स्वर स्टॅकॅटोत, म्हणजे तुटक, वाजवावेत. मात्र हात उडवू नये, बोटाचे टोक तळहाताकडे किंचित ओढून पट्टी सोडावी.

चौथे बोट उंच उचलण्याचा हट्ट मी कोणालाही करू देत नाही, कारण त्याचे स्नायुबंध शेजारच्या बोटांशी जोडलेले असतात आणि बळजबरीने हात दुखावतो. ते पट्टीलगतच ठेवून, शेजारची बोटे सैल ठेवत, सावकाश वाजवावे.

हे जमल्यावरच पूर्ण सप्तक घ्यावे: १-२-३, मग अंगठा तळहाताखालून सरकवून १-२-३-४-५. अंगठ्याचा स्वर इतरांहून ठळक ऐकू आला, तर वेग कमी करून फक्त तिसऱ्या बोटावरून अंगठ्यावर येण्याची जागा पुन्हा पुन्हा वाजवावी.