म्हातारपणाची आगोट: काम चालूच ठेवणाऱ्यांनी पैसे कसे साठवावेत

आमच्याकडे कोकणात साठीच्या गृहस्थाला कामातून कधी मोकळे होणार म्हणून विचारा, उत्तर ठरलेलं असतं: "हातपाय चालतत तोपर्यंत काम करतलंय." ते खरंच असतं. सत्तरीतली माणसं बागेत शिंपणं करताना, ओटीवर जाळी विणताना रोज दिसतात. घोटाळा पुढच्या वाक्यात आहे: "मगे वेगळे पैसे कित्याक होये?" (मग वेगळे पैसे कशाला हवेत?)

याच माणसाच्या घरी मे महिन्यात आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरलेली असते. तांदूळ, कुळथाचं पीठ, सुकट, बोंबील, आमसुलं, कोरडं सरपण. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. ऑगस्टात होडी पुन्हा पाण्यात जाणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी आगोट कुणी चुकवत नाही. काम संपणार नसतं, कमी होणार असतं, एवढ्यासाठीच ती भरतात. म्हातारपणाचे पैसेही असेच साठवायचे.

आधी कामाची वाटणी करा

कॅलेंडरच्या पाठीमागे तीन रकाने आखा. अंगमेहनतीचं काम, हातांचं काम, तोंडाचं काम. तुम्ही आज जे करता ते कुठे बसतं आणि किती वर्षं बसेल ते लिहा. खलाशाचं समुद्रावरचं काम पहिल्या रकान्यातलं. माडावर चढणाऱ्या पाडेलीचंही तेच, आणि त्याचे गुडघे त्याच्याआधी निवृत्त होतात. जाळी दुरुस्त करणं, काजू सोलणं, शिवणकाम हे दुसऱ्यातलं. डोळे आणि बोटं साथ देतील तोवर चालेल. शिकवण्या, घरगुती निवासाचं बुकिंग सांभाळणं, बागेवर देखरेख ही कामं तिसऱ्यातली, सगळ्यांत टिकाऊ.

आता प्रत्येक कामापुढे आजचे नव्हे, त्या वयात मिळतील ते पैसे लिहा. तांडेलाला (होडीच्या म्होरक्याला) मिळणारा वाटा आणि जाळं विणण्याची मजुरी यांत किती अंतर आहे ते त्यालाच विचारा. "काम चालू राहील" म्हणताना आपण मनात बहुतेक वेळा आजचीच कमाई धरलेली असते.

मग आकडा काढा

समजा वय ४८, घरखर्च महिना २०,००० रुपये. तूर्त सगळं आजच्याच भावाने मोजू. साठीला काम पूर्ण थांबवलं आणि ८५ पर्यंतचा खर्च धरला तर २५ वर्षांचे ६० लाख लागतात. साठ ते सत्तर निम्मी कमाई चालू ठेवली तर त्या दहा वर्षांची तूट १२ लाख आणि पुढच्या १५ वर्षांचे ३६ लाख, म्हणजे ४८ लाख.

दहा वर्षं राबून वाचले १२ लाख. हे गणित मी पहिल्यांदा केलं तेव्हा दोनदा तपासलं. अर्थात फायदा एवढाच नाही: त्या दहा वर्षांत साठवलेल्या पैशाला कमी हात लागतो आणि तो वाढत राहतो. पण काम हे बचतीच्या जागी उभं राहत नाही, तिचा भार थोडा हलका करतं. आणि आजारपणामुळे पासष्टीलाच थांबावं लागलं तर ६ लाख पुन्हा वर चढतात.

यातून घरचा तांदूळ, नारळ, भाडं नसलेलं स्वतःचं घर यांचा हिशेब वजा करा. कोकणात तो बराच निघतो. मात्र जुन्या कौलारू घराचा दुरुस्तीखर्च त्यातच धरा. महागाई ६ टक्के धरली तर खर्च १२ वर्षांत दुप्पट होतो. म्हणजे आजचे २०,००० साठीला ४०,००० होतील. घरात पडून राहिलेली रोकड या शर्यतीत हरणारच.

हंगामाच्या चालीने भरा

'दरमहा अमुक रक्कम बाजूला काढा' हा सल्ला पगारदारांचा. आंब्याचे पैसे मार्च ते मे येतात, घरगुती निवासाचे दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात. जूनमध्ये हप्ता फाडायला कुणाकडे काय असतं? म्हणून भरणा हंगामाला बांधा.

पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) यासाठी सोयीचं आहे. वर्षाला किमान ५०० आणि जास्तीत जास्त दीड लाख रुपये, एकरकमी भरले तरी चालतात. मुदत १५ वर्षं, पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. एप्रिल २०२० पासून व्याज ७.१ टक्के आहे. महिन्याच्या ५ तारखेच्या आत पैसे भरले तरच त्या महिन्याचं व्याज लागतं, तेव्हा आंब्याच्या पेट्यांचे पैसे हातात आले की पोस्टात जायला रेंगाळू नका.

चाळिशीच्या आत असाल (किंवा मुलगा, सून असेल) तर अटल पेन्शन योजना बघा. हप्ता महिन्याला, तिमाहीला किंवा सहामाहीने भरता येतो. ५,००० रुपयांच्या पेन्शनसाठी तिसाव्या वर्षी येणाऱ्याला महिना ५७७ रुपये, चाळिसाव्या वर्षी येणाऱ्याला १,४५४. प्राप्तिकर भरणाऱ्याला १ ऑक्टोबर २०२२ पासून यात प्रवेश नाही. तीस वर्षांनंतर ५,००० रुपयांत काय येणार, हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच एवढ्यावर थांबायचं नाही. एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) साठीनंतरही चालू ठेवता येते, तेव्हा काम करत राहणाऱ्याला तीही जुळते.

लोटे एमआयडीसीसारख्या ठिकाणी किंवा मुंबईत नोकरी केलेल्या चाकरमान्यांसाठी एक गोष्ट. दहा वर्षं सेवा झाली असेल तर ईपीएसची (भविष्य निर्वाह निधीसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेची) पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होते. काम चालूच असेल तर ती साठीपर्यंत पुढे ढकला; दर वर्षामागे ४ टक्के वाढ मिळते.

साठी झाली की पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना. मर्यादा ३० लाख, मुदत ५ वर्षं. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी १० लाखांवर दर तिमाहीला २०,५०० रुपये येतात. सरकार दर तिमाहीला दर ठरवतं, पण खातं उघडताना असलेला दर त्या पाच वर्षांसाठी कायम राहतो. व्याज करपात्र आहे.

गावातल्या पतसंस्थेत सगळी पुंजी ठेवू नका. ओळखीचा माणूस काउंटरवर आहे ही हमी नव्हे. बँकेतल्या ठेवींना प्रत्येक बँकेत ५ लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवींना तो नसतो.

झाडांवर किती विसंबायचं

पन्नाशीत लावलेलं काजूचं कलम साठीपर्यंत चांगलं फळतं. म्हणून कलमं लावा, जरूर लावा. पण ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, दापोलीकडच्या नारळ-पोफळीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या केल्या. ज्यांची सगळी पेन्शन पोफळीत होती त्यांना ती परत उभी करायला हातात वर्षं नव्हती. फळपीक विमा काढा आणि झाडांचं उत्पन्न हिशेबात निम्मंच धरा.

त्याआधी सातबारा बघा. जमीन सामायिक असेल तर आज कुणी विचारत नाही, पण बाग फळायला लागली की चुलतभाऊ मुंबईहून येतातच. तुम्ही राबू शकता तोवर वाटणी कागदावर आणा.

साठ ते सत्तर: दवाखान्याची दहा वर्षं

सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारतचं वर्षाला ५ लाखांपर्यंत कवच आहे. म्हणजे अडचण त्याआधीच्या दहा वर्षांची, आणि नेमकी तीच तुमची कामाची वर्षं. आरोग्य विमा पन्नाशीतच घ्या, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. शिवाय मोठ्या इलाजासाठी आपण कोल्हापूर, मुंबई नाहीतर गोवा गाठतो. गाडीभाडं आणि सोबतच्या माणसाचं राहणं विम्यात येत नाही. त्यासाठी ५०,००० रुपये बचत खात्यात वेगळे ठेवा.

येत्या पावसाळ्यात तालीम करा

जून-जुलैचे दोन महिने, हातात पैसे असले तरी, साठीनंतरची म्हणून जी निम्मी कमाई लिहिली आहे तेवढ्यातच घर चालवा. रोजचा खर्च वहीत टिपा. कुठे हात अडतो ते नारळी पौर्णिमेपर्यंत कळेल, आणि कॅलेंडरच्या पाठीमागचे आकडे तेव्हा पेन्सिलीने दुरुस्त करा.