पोरांना 'नानूक' दाखवायचा असेल तर

मे महिन्यात अमळनेरात पत्रे तापले की बर्फाचा सिनेमा पोरांना आपसूक आवडतो. पण 1922 चा 'नानूक ऑफ द नॉर्थ', कॅनडाच्या उत्तरेतल्या इनुइट या मूळ रहिवाशांवरचा माहितीपट, नुसता लावून सोडू नका. मूकपट आहे, मधल्या इंग्रजी पाट्या तुम्हीच अहिराणीत मोठ्यानं सांगा.

ग्रामोफोनच्या प्रसंगाला पॉज करा. सिनेमातला इनुइट शिकारी नानूक तबकडी दातानं चावून बघतो, पोरं खिदळतात. हसू द्या. मग सांगा, याचं खरं नाव अलाकारिआलाक. ग्रामोफोन त्याला चांगला ठाऊक होता, दिग्दर्शक रॉबर्ट फ्लाहर्टीनं हे करवून घेतलं. इग्लू, म्हणजे बर्फाचं घर, आला की विचारा, आत एवढा उजेड कुठून? कॅमेऱ्यासाठी त्याची एक बाजू उघडी ठेवली होती. तेव्हा शिकारीला बंदुका आल्या होत्या, पडद्यावर मात्र भालाच. सिनेमातली बायकोही त्याची नव्हे! आणि पडद्यामागे फ्लाहर्टीच्या हाताखाली राबणारे इनुइटच होते, हे जरूर सांगा.

नंतर सातपुड्यातल्या काठी गावच्या आदिवासी होळीचे फोटो मोबाइलवर उघडून दाखवा. फोटोवाले काय काय करायला लावतात, हे वसतिगृहातल्या पावरा पोरांना आधी बोलू द्या. गुरुजींनी मध्ये तोंड घालू नये. वॉलरस या समुद्री प्राण्याच्या शिकारीत रक्त आहे, बारकी पोरं असतील तर तेवढा भाग पुढे पळवा.