कार्ड नवं, तरी गेम अडखळत होता: माझा अनुभव

आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड बसवलं, जोडीला आधीचाच रायझन ५ ३६०० प्रोसेसर. मोकळ्या रस्त्यावर गेम झकास चालायचा, पण गेममधल्या भर बाजारात गाडी वळवली की झटके. आफ्टरबर्नरमध्ये (कार्ड-प्रोसेसरवरचा भार दाखवणारं सॉफ्टवेअर) पाहिलं तर कार्डचा वापर जेमतेम ६० टक्के आणि प्रोसेसरचाही साधारण तेवढाच. या एकूण आकड्यावर जाऊ नका. प्रोसेसरचा एकेक थ्रेड (कामाची स्वतंत्र रांग) उघडून बघा. माझ्याकडे दोन थ्रेड सतत ९० टक्क्यांच्या वर होते, बाकीचे निवांत. खात्रीसाठी रिझोल्यूशन १४४०पीवरून १०८०पीवर आणलं, म्हणजे कार्डवरचा भार हलका केला. एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) तसूभरही वाढला नाही. प्रोसेसर मागे पडत होता, म्हणून कार्डला पुरेसं काम मिळत नव्हतं, हे तिथेच पक्कं झालं. (रॅमचं एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग, चालू आहे ना, हे मात्र आधी तपासा. फुकटात होणारं काम आहे.)

मदरबोर्ड बी४५० असल्याने एएम५ या नव्या सॉकेटच्या (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) खर्चात पडलो नाही. माझ्या बोर्डच्या त्याच एएम४ सॉकेटवर रायझन ७ ५७००एक्स३डी बसतो. आठ कोर आहेतच, पण खरी कमाल ९६ एमबी एल३ कॅशची (प्रोसेसरमधलीच वेगवान मेमरी). ३६००मध्ये ती ३२ एमबी. गेमला लागणारा डेटा जवळच सापडतो, रॅमपर्यंतच्या फेऱ्या वाचतात.

बायॉस (मदरबोर्डचं मूळ सॉफ्टवेअर) जुना प्रोसेसर जागेवर असतानाच अपडेट केला. आधी प्रोसेसर बदलला असता तर जुन्या बायॉसला तो ओळखताच आला नसता आणि स्क्रीनवर काहीच आलं नसतं. आता बाजारातही कार्ड ९५ टक्क्यांच्या वर राबतंय. तुम्ही ४केवर खेळत असाल तर मात्र थांबा, तिथे बहुधा कार्डच आधी दमतं. आणि या प्रोसेसरसोबत कूलर येत नाही, त्याचे पैसे वेगळे धरा.